परतीची तारीख

वर्गात तिला सगळे घुमी म्हणत. पाठीमागे नव्हे, चक्क तोंडावर, आणि तीही बिनतक्रार ओ द्यायची. करणार काय? ती बोलायचं ठरवून शब्द जुळवेपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन, कप विसळून निघून गेलेला असायचा. ग्रंथालयशास्त्राच्या त्या वर्गात बावीस जण होते. एकवीस जणांना एकमेकांच्या घरची भांडणंसुद्धा पाठ होती. घुमीच्या घरी कोण कोण असतं, एवढंही कुणाला ठाऊक नव्हतं.

तिच्या खोलीत राहणारी मुलगी म्हणजे चिमणी. झोपेत तेवढी गप्प. शनिवारी दुपारी ही घरी पळायची आणि सोमवारी धुतलेले कपडे, भरलेले डबे आणि आईची बोलणी असं सगळं घेऊन परत यायची. पहिल्या वर्षी तिनं दोन-तीनदा विचारलं होतं, "तू का गं जात नाहीस कधी?"

"लांब आहे," घुमी म्हणाली.

लांब होतंच, खोटं कशाला बोला. गाडीनं दोन दिवस. पण दीड वर्षात दोन मोठ्या सुट्ट्या येऊन गेल्या होत्या आणि दोन्ही सुट्ट्या ह्या मुलीनं रिकाम्या वसतिगृहात काढल्या होत्या. साठ खोल्यांना कुलपं, मधोमध लांबलचक व्हरांडा आणि टोकाला गळणारा एक नळ. एकटीसाठी काय शिजवू म्हणून खानावळीतली बाई कटकट करायला लागली, तेव्हा घुमी पाव आणि केळी आणून खोलीतच जेवू लागली. रविवारी संध्याकाळी फोनपाशी मुलींची रांग लागायची. "जेवलीस का", "औषध घेतलं का", "दादाला दे ना फोन", असं काय काय चाललेलं असायचं. घुमी त्या रांगेजवळून मान खाली घालून, वेगळंच काही काम असल्यासारखी भराभर निघून जायची.

आता तिच्या घरचं सांगून टाकलेलं बरं, उगाच ताणण्यात अर्थ नाही. घरी एकटे बाबा होते. एका छोट्या गावातल्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. साडेअकरा हजार पुस्तकं, आणि प्रत्येक पुस्तकाचं कार्ड नानांच्या हातचं. कार्डावर नुसतं पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहून ह्या माणसाचं समाधान व्हायचं नाही. 'पान ४७ गायब', 'मलपृष्ठावर चहाचा गोल', 'कुणीतरी शेवट पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवला आहे, वाचकानं सांभाळावं', असली टिपणं खाली बारीक अक्षरात हमखास असायची.

आई गेल्यावर तिचं शिवणयंत्र तीन वर्षं तसंच पडून होतं. एकदा घुमीनं चाक फिरवून पाहिलं तर ते अडलं. मग तिनं ग्रंथालयातून आपल्या नावावर एक पुस्तक आणलं, 'शिवणयंत्राची निगा आणि दुरुस्ती', आणि यंत्र उघडून बसली. चार दिवसांत सगळे भाग जेवणाच्या टेबलावर मांडले गेले. स्क्रू एका डबीत. पाचव्या दिवशी तेलाच्या कुपीतून एक थेंब पान ब्याण्णववर पडला आणि नेमके तेव्हाच बाबा घरात शिरले.

"ग्रंथालयाचं पुस्तक आहे ते. त्याला तेल पाजतेस?"

"एक थेंब पडलाय, बाबा."

"एक थेंब अख्खं पान खातो."

तिथं गप्प बसली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण एरवी तोंडात मूग धरून बसणारी माणसं एकदा बोलायला लागली की फार वाईट बोलतात. वर्षभर ग्रंथालयात खोक्यांत बंद पडलेले दोन कॉम्प्युटर तुम्हाला दिसत नाहीत, आणि थेंब बरा दिसतो, असं ती म्हणाली. यंत्राला पुस्तक कळत नाही, असं बाबा म्हणाले. मी हेच शिकायला चालले आहे, प्रवेशाचं पत्र परवाच आलंय, असं ती म्हणाली. आधी का नाही सांगितलंस, असं बाबा म्हणाले. शब्दानं शब्द वाढत गेला आणि शेवटी घुमीच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या त्या कार्डांच्या खणांत आई गुदमरून गेली. मी नाही गुदमरणार."

बाबा दारापर्यंत जाऊन वळले. मग म्हणाले, "जायचं तर जा. पण मग परत येण्याची वाट विसर."

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा बाबा तासभर आधीच ग्रंथालयात जाऊन बसले होते. गाडीत पिशवी उघडली तर कपड्यांच्या घडीत ते पुस्तक. रागाच्या भरात सामान भरताना तेही कोंबलं गेलं होतं.

आणि नानांचा नियम सगळ्या गावाला माहीत होता. मुदत उलटली की पंधरा दिवसांत दोन स्मरणपत्रं. तरी पुस्तक आलं नाही तर कार्डावर तांबड्या शाईत 'हरवलेलं', आणि वाचकाचं नाव वहीतून काट. त्यातून कुणाची सुटका नव्हती. गावातल्या मोठ्या डॉक्टरांचं नाव काटलं होतं त्यांनी, ज्यांनी नानांच्याच बायकोचे शेवटचे सहा महिने निभावले होते. पुस्तक पोस्टानं पाठवावं असं घुमीच्या शंभरदा मनात आलं. पण नुसतं पुस्तक पाठवायचं आणि चिठ्ठीत काही लिहायचं नाही, हे बरं दिसेना. आणि चिठ्ठीत लिहायचं तरी काय? पुस्तक तिच्या उशाशी राहिलं आणि नाव काटलं गेलं असणार असं तिनं मनाशी धरून ठेवलं.

शेवटच्या सत्रात टेलनेट शिकायला लागलं. कॉम्प्युटरच्या खोलीत यंत्रं अकरा, मुलं बावीस, म्हणून जोड्या पाडलेल्या. शिकवणाऱ्या मॅडम कडक, पण मनातून गमत्या. पहिल्याच तासाला फळ्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "टेलनेट म्हणजे काय, तर बोट इथं आणि कळ तिथं. तुम्ही इथं खुर्चीत बसून दूरच्या ग्रंथालयाचं यंत्र चालवणार. तेव्हा दुसऱ्याच्या घरात वागता तसं वागा."

पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं. आधी पत्ता टाइप करायचा. मग पलीकडचं यंत्र कोण आहेस म्हणून विचारी, त्याला सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं: वाचक. मग यादी यायची. एक दाबा, लेखक. दोन दाबा, पुस्तकाचं नाव. तीन, नवी पुस्तकं. अक्षरं सावकाश, ठिपकत यायची. चिमणीला कसला धीर! ती एकच कळ दहादा दाबायची आणि मग पलीकडचं यंत्र दहाही वेळा इमानेइतबारे उत्तर द्यायचं. वर तिच्या पडद्यावर प्रत्येक अक्षर दोनदा उमटायला लागलं.

"मॅडम, हे तोतरं बोलतंय!"

"ते नाही, तू. तुझंही यंत्र अक्षर दाखवतंय आणि तिकडचंही. दोघांपैकी एकाला गप्प कर."

"मॅडम, मला घरी पण हेच सांगतात," चिमणी म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला.

मॅडमनी साठ ग्रंथालयांचे पत्ते असलेली टाचलेली पानं वाटली. प्रत्येकानं एक ग्रंथालय निवडायचं, पाच पुस्तकं शोधायची आणि वहीत चार रकाने भरायचे: पत्ता, आत कसं गेलो, काय सापडलं, बाहेर कसं पडलो. चौथा रकाना मुलं नेहमी कोरा सोडायची. काम झालं की खिडकी बंद केली आणि चालले उंडारायला. "अरे, पलीकडचं यंत्र तुमची वाट बघत बसतं ना," मॅडम ओरडायच्या. "छोट्या ग्रंथालयांत बाहेरच्यांसाठी दोनच जागा असतात. तुम्ही निरोप न घेता उठलात की जागा तशीच अडून राहते."

घुमी यादीवरून बोट फिरवत होती. सत्तेचाळिसाव्या ओळीवर बोट थांबलं. तिच्या गावाचं नाव. बाबांचं ग्रंथालय.

खोक्यांतले ते कॉम्प्युटर कुणी उघडले? तिला खरंच वाटेना. तिनं पत्ता टाइप केला, दोनदा चुकला. मग काळ्या पडद्यावर यादी उमटली. तिनं कुठलंतरी एक पुस्तक शोधून पाहिलं. खाली ओळ आली: 'पान ४७ गायब.' दुसरं पाहिलं: 'मलपृष्ठावर चहाचा गोल.' ह्या कळा बाबांच्याच. बाबांनी एका बोटानं टकटक करत साडेअकरा हजार कार्डं आत घातली होती. रोजची चाळीस तरी. ती निघून गेल्यानंतर.

मग तिनं ते नाव टाइप केलं. शिवणयंत्राची निगा आणि दुरुस्ती. तांबडी शाई पडद्यावर दिसत नाही, पण 'हरवलेलं' हा शब्द दिसणारच, त्याची तयारी ठेवूनच तिनं कळ दाबली. अक्षरं ठिपकत आली.

'प्रत एक. दाखल क्रमांक ७१४३. बाहेर दिलेलं. परतीची तारीख १९. टीप: पान ९२ वर तेलाचा डाग, जुना.'

त्या दिवशी आठ तारीख होती. म्हणजे मुदत संपायला अजून अकरा दिवस होते! दीड वर्षापूर्वी नेलेलं पुस्तक, पंधरा दिवसांची मुदत, आणि अजून अकरा दिवस बाकी? आणि डाग जुना म्हणे. जुना म्हणजे आधीच्या कुणा वाचकानं पाडलेला, ह्या वाचकाकडे बोट नाही. चाळीस वर्षांत एकाही नोंदीत खोटं न लिहिलेल्या माणसानं हा एक शब्द लिहिला होता. तास संपल्याची घंटा झाली, चिमणीनं हात धरून उठवलं आणि घुमी निरोप न घेताच निघून गेली. चौथा रकाना कोरा.

पुढच्या तासाला त्यावरून बोलणी बसली. "सत्तेचाळीस नंबरवाली कोण? तिथली एक जागा संध्याकाळपर्यंत अडकून होती." घुमीनं हात वर केला. मॅडमनी डोळे वटारले, पण फार बोलल्या नाहीत. घुमीला कुणीच फार बोलत नसे. तास संपल्यावर ती मॅडमपाशी गेली. तिनं आपणहून प्रश्न विचारलेला पाहून मॅडम चष्मा काढून ऐकायला लागल्या.

"मॅडम, परतीची तारीख आपोआप पुढे जाते का?"

"आपोआप कशी जाईल? देवघेवीच्या टेबलावर कुणीतरी बसून क्रमांक घालून मुदत वाढवतं, तेव्हा जाते. तीनदा वाढवता येते."

"आणि तीनपेक्षा जास्त वेळा?"

"मग यंत्र अडवतं. ग्रंथपालानं स्वतःचा परवलीचा शब्द घातला तरच पुढे. पण इतकं कोण करतंय? का गं?"

"सहज," घुमी म्हणाली. तोंड फिरवून ती जिन्यापर्यंत पोचली आणि मग मात्र तिला रडू आवरेना. कठड्याला धरून रडली मुलगी, भर दुपारी.

त्या दिवसापासून तिचा नेम ठरला. साडेबारा वाजता सगळे जेवायला पळाले की ती कॉम्प्युटरच्या खोलीत जायची. खोलीत यंत्रांची घरघर आणि ती. पत्ता, वाचक, दोन, नाव. अठरा तारखेला पाहिलं, तारीख एकोणीसच. एकोणीसला दुपारी पाहिलं तर तारीख पुढच्या महिन्याची तीन झाली होती. तीनला पाहिलं, अठरा झाली. मुदतीच्या दिवशी, ना एक दिवस आधी ना एक दिवस नंतर. बाबांचं कामच तसं.

तुम्ही म्हणाल, मग लावायचा होता फोन. लावला तिनं. दोनदा नंबर फिरवला आणि दोन्ही वेळा घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. बाबा काय बोलले होते ते केव्हाच पुसलं गेलं होतं. आपण आईचं नाव घेऊन काय बोललो, ते मात्र पुसलं जात नव्हतं. ते शब्द ऐकल्यावर एखादा माणूस पंधरा-पंधरा दिवसांनी मुदत वाढवत असेल तर त्याला फोनवर काय म्हणायचं? जेवलात का? औषध घेतलंत का? दारापाशी येऊन आत डोकावायचं आणि हाक न मारता परत जायचं, असं तिचं रोज चाललं होतं. निरोप घेऊन नीट बाहेर पडायला ती शिकली होती, एवढंच.

असे अडीच महिने गेले. परीक्षा तोंडावर आली. परतीची तारीख दोन होती. दोन तारखेला साडेबाराला तिनं पाहिलं, तारीख दोनच. दुपारी तीनला पाहिलं, दोनच. पाचला, खोली बंद करणाऱ्या माणसाला थांबवून पाहिलं, तरी दोन. 

तीन तारखेला पडद्यावर लिहून आलं, 'मुदत उलटली.'

चार तारखेला तेच. सहा तारखेला, 'पहिलं स्मरणपत्र रवाना.'

ह्या चार दिवसांत ती काय जेवली, कुठल्या तासाला बसली, तिचं तिला आठवत नव्हतं. बाबांनी शेवटी हात झटकले, असं एकदा वाटायचं. बरोबरच आहे, किती दिवस वाट बघायची, आपणच दगडासारखं बसून राहिलो. आणि मग दुसरं वाटायचं, की बाबांनी एक तरी तारीख कधी चुकवली होती का? दोन्हींपैकी जास्त वाईट कुठलं ते तिला ठरवता येईना. चिमणीनं विचारलं, "काय झालंय तुला? अंगात कणकण आहे का?" घुमी म्हणाली, "माझं नाव काटतील गं," आणि चिमणी आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली. मग तिनं आपल्या पिशवीतून सुटी नाणी काढून घुमीच्या हातात कोंबली आणि तिला फोनकडे ढकललं. काही न समजता ढकललं, पण ढकललं.

विभागाच्या व्हरांड्यातल्या फोनवर घुमीनं ग्रंथालयाचा नंबर फिरवला. घंटी वाजली. तिनं फोन ठेवला नाही.

"हॅलो, ग्रंथालय," पलीकडे एका मुलीचा आवाज होता. अनोळखी.

"नाना आहेत का?"

"नाना नाहीत. वीस दिवस झाले, येत नाहीत. वरच्या फळीवरचं काढायला म्हणून स्टुलावर चढले आणि पडले. मांडीचं हाड मोडलंय. मी देवघेवीवर असते, नवीन आहे. काय काम होतं?"

घुमीनं भिंतीला पाठ टेकली. "आता कसे आहेत?"

"घरी आणलंय. बरे आहेत, पण चिडचिड विचारू नका. बहीण येऊन राहिलीय, तिच्याशी भांडतात. ती बिचारी म्हणते, जेवणाच्या टेबलावर दोन वर्षं मशीन उघडून पडलंय, आवरू द्या, तर हात लावू देत नाहीत. म्हणतात, ज्याच्याकडे पुस्तक आहे तो जोडेल. आता काय बोलायचं! तुम्ही कोण?"

 घुमी म्हणाली, "माझ्याकडे तुमचं एक पुस्तक आहे. सात-एक-चार-तीन. मुदत उलटलीय."

कळा वाजल्याचा आवाज आला, आणि मग पलीकडे किंकाळीच. "अगं बाई! हे पुस्तक! अहो, नानांनी मला दवाखान्यात नेताना, स्ट्रेचरवरून सांगितलं होतं, दोन तारखेला ह्या क्रमांकाची मुदत वाढव, विसरू नकोस. परवलीचा शब्दसुद्धा कानात सांगितला, दुखण्यानं तोंडातून आवाज निघत नव्हता तरी. आणि मी विसरले! साफ विसरले! आणि पहिलं स्मरणपत्र तर मीच पोस्टात टाकलं काल, पत्ता न बघता. वाचकाचा पत्ता म्हणजे..." पुन्हा एक कळ वाजली. "म्हणजे नानांच्याच घरचा आहे हो! उद्या त्यांच्याच हातात पडणार. मेले मी!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा घुमीला हसू आलं, डोळे भरलेले असताना.

"एक विचारू?" मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. "रोज साडेबाराला बाहेरून आत येतं ते तुम्हीच का? एकदा संध्याकाळपर्यंत एक जागा अडून राहिली होती. मी तोडायला निघाले तर नानांनी पडद्यावर पत्ता पाहिला, लांबच्या एका विद्यापीठाचा, आणि म्हणाले, राहू दे, बसू दे तिला. तेव्हापासून साडेबाराला डबा घेऊन ते त्या यंत्रासमोरच बसायचे. तुम्ही बाहेर पडलात की डब्याला झाकण लावायचे. जेवण अर्धं राहिलं असलं तरी."

 व्हरांड्यातून मुलं जात होती, कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, तिनं नुसता हात हलवला. आपण रोज दुपारी त्या खोलीत एकट्याच असतो असं तिला इतके दिवस वाटत होतं.

"हॅलो? आहात ना? मी आत्ता वाढवते मुदत, आत्ता, तुमच्यासमोर. पंधरा दिवस टाकते. आणि स्मरणपत्राचं काहीतरी सांभाळून घ्या हो, तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील."

"पंधरा नको," घुमी म्हणाली. "दोन टाका."

"दोन दिवस? दोन दिवसांची मुदत कुणी मागतं का?"

"गाडीला तेवढेच लागतात."

पलीकडे कळांचा आवाज थांबला. मग पुन्हा दोन-तीनदा वाजला, सावकाश. "टाकली," मुलगी म्हणाली, आणि तिचाही आवाज बदलला होता. "नानांना काय सांगू?"

घुमीनं शब्द जुळवायला वेळ घेतला नाही. "सांगा, आत्याला म्हणावं स्क्रूंची डबी जागची हलवू नकोस. आणि त्या पुस्तकाच्या नोंदीत एक चूक आहे, तीही सांगा. पान ब्याण्णववरचा डाग जुना नाही. मी पाडलाय."

"अहो, पण नोंद बदलायची तर मला हात लावता येत नाही. ते नानांनाच करावं लागतं."

"माहीत आहे," घुमी म्हणाली. "मी समोर बसून त्यांच्याकडून बदलून घेईन."